चार वाजताचा नकार

दांडिया बाजारातल्या आमच्या पतपेढीचं शटर
एकच्या ठोक्याला अर्धं खाली येतं.
बडोदं जेवतं, मग आडवं होतं.
एक ते चार इथे
कर्जसुद्धा कोणी मागत नाही.

चारला सुलभाताई पोतनीस सगळ्यांच्या आधी.
चष्मा पुसतात, नाव टाकतात, पासवर्ड टाकतात,
आणि पडद्यावर तांबडी ओळ:
नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.
पुन्हा टाकतात. उघडतं.
मागून आलेल्या पारेखला पहिल्याच फटक्यात उघडतं.

मार्चपासून हे असं.
रोज होत नाही, म्हणून तर कोणाचा विश्वास नाही.
किरीटभाई म्हणाले, बेन, केप्स लोक जोई लो.
मीही म्हणालो, ताई, बोट घसरत असेल.
असं म्हटलं की तक्रार बंद करता येते.

मी तपासलं. अकराला, बाराला, पाचला,
दर दोन मिनिटांनी एकदा, दोनशे वेळा.
शहाण्या मुलासारखं दर वेळी दार उघडलं.
माझं तपासणंच त्याला जागं ठेवत होतं
हे कळायला जुलै उजाडला.

मग एका दुपारी घरी गेलो नाही.
सर्व्हरच्या खोलीत डबा खाल्ला, हात मांडीवर ठेवले,
काही म्हणजे काही टाइप केलं नाही.
चार वाजून दोन मिनिटांनी बाहेर ताईंची खुर्ची सरकली
आणि लॉगमध्ये ओळ उमटली:
डिरेक्टरीशी संपर्क नाही.

पासवर्डबद्दल अक्षर नव्हतं.
तो दारापर्यंत पोचलाच नव्हता.
पडद्याला दोन्ही दुःखांसाठी एकच वाक्य शिकवलेलं,
आणि त्यात दोष नेहमी टाइप करणाऱ्याचा.

सगळ्यांची नावं अलकापुरीत, मुख्य कचेरीच्या डिरेक्टरीत.
आमचा सर्व्हर सकाळी तिच्याशी एक तार जोडतो
आणि दिवसभर हाताशी धरून ठेवतो.
मधे फायरवॉल. अर्धा तास कोणी बोललं नाही
की तो समजतो, संपलं असेल यांचं,
आणि दोघांनाही न सांगता तार कापतो.
आम्ही इकडे मेलेलं टोक धरून बसलेले, विश्वासाने.
जो पहिला ओढेल त्याच्या हाती नकार.
मग नवी तार. मग दुसऱ्याला रस्ता मोकळा.

पारेखची बायको माहेरी गेली की
तो टेबलावरच जेवतो आणि व्याजाची पत्रकं काढत बसतो.
त्या दिवसांत तार जिवंत. त्या दिवसांत ताई बरोबर.

ज्याने ती पेटी बनवली
त्याच्या गावात दुपारी कोणी झोपत नसावं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली.
दर दहा मिनिटांनी विचारायचं, आहेस ना?
तिकडून येतं, आहे.
वाचत कोणी नाही ते.

ताईंना सांगितलं. त्या बराच वेळ
स्टॅपलर उघडत-मिटत राहिल्या.
म्हणजे मी विसरत नव्हते?
त्यांच्या अनुताईचं असंच सुरू झालं होतं म्हणे.
आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं.
म्हणून या कारेलीबागेतल्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, एकट्या.
त्यांनी कागदावर घड्याळ काढायला लावलं,
अकरा वाजून दहा मिनिटं.
बरोबर काढलं, तरी रात्री झोप नाही.
चार महिन्यांत सात वेळा पासवर्ड बदलला.

आणि बोटांवर मोजत सांगायलाच लागल्या.
ताई, पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो, मी म्हणालो.
जुने आहेत रे, मेलेले, म्हणाल्या, ऐक.
दूध केंद्राचा नंबर. सुरसागर आणि शून्य शून्य सात.
नवऱ्याच्या पहिल्या स्कूटरची पाटी.
चौथा गुजरातीत, घाईने.
पाचव्यावर थांबल्या.
मी श्वास धरला.

अन्नपूर्णा, म्हणाल्या.
त्यात एन दोन आहेत.
लोक एकच घालतात.